फोन सेवा आणि सॉफ्टवेअर बाहेर देताना करारनाम्यातील कोणत्या अटींवर अडून बसावे?

सातपूरकर (प्रश्न)
नमस्कार. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आमचा जलशुद्धीकरण यंत्रांच्या विक्रीचा आणि वार्षिक देखभालीचा व्यवसाय असून सुमारे 14 हजार ग्राहकांची नावे, पत्ते व फोन क्रमांक आमच्याकडे आहेत. ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घेणे आणि बिलांचे सॉफ्टवेअर तयार करून चालवणे ही दोन्ही कामे आम्ही बंगळूरच्या एका कंपनीला तीन वर्षांसाठी देणार आहोत. त्यांच्या 38 पानी मसुद्यातील चार अटी मला खटकतात. कोणतेही नुकसान झाले तरी त्यांची जबाबदारी एका महिन्याच्या शुल्काइतकीच राहील. सॉफ्टवेअरचे सर्व हक्क त्यांचे असतील. मुदतीआधी करार मोडल्यास आम्ही 12 महिन्यांचे शुल्क द्यायचे. आणि वाद झाल्यास त्यांच्या संचालकाने नेमलेला लवाद बंगळूरला निवाडा देईल. चारही अटी बदलून घेण्याइतके आमचे वजन नाही. मग कोणत्या अटीवर अडून बसावे?

वकिली चष्मा
लवादाच्या अटीची धास्ती घेण्याचे फारसे कारण नाही. ज्या पक्षाचा वादात हितसंबंध आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये घेतली आणि 2024 मध्ये घटनापीठाने एकतर्फी नेमणुकीविरुद्धची भूमिका आणखी स्पष्ट केली. त्यामुळे ही अट त्यांनाच अडचणीची आहे, असे सांगितल्यास ते बहुधा बदलतील. मात्र लवादाचे स्थान नाशिक किंवा पुणे करून घ्या, कारण लवादाशी संबंधित अर्ज साधारणपणे त्या स्थानाच्या न्यायालयातच करावे लागतात आणि प्रत्येक तारखेला बंगळूर गाठणे लहान उद्योगाला परवडत नाही.

12 महिन्यांच्या शुल्काचे म्हणाल, तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते. पण हेच कलम तुम्ही त्यांच्यावर लावू पाहणाऱ्या दंडालाही लागू होते, हे विसरू नका. ‘फोन उचलला नाही तर प्रत्येकी 500 रुपये’ असे लिहिणारे अनेक जण ती रक्कम हातात पडेलच असे धरून चालतात. त्याऐवजी सेवा अमुक पातळीखाली गेल्यास त्या महिन्याचे शुल्कच कमी आकारले जाईल, अशी दररचना ठेवावी. त्यासाठी कोणाकडे दाद मागावी लागत नाही.

जुना प्रोग्रामर
माझ्या मते खरी मेख दुसऱ्या अटीत आहे. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामचा कॉपीराइट एरवी मालकाकडे जातो. बाहेरच्या कंपनीने लिहिलेल्या प्रोग्रामचा मात्र पैसे दिले म्हणून आपोआप तुमच्याकडे येत नाही. त्यासाठी सहीनिशी लेखी हस्तांतरण लागते आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहावे लागतात. ते लिहिले नाहीत तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत 5 वर्षे आणि प्रदेश केवळ भारत असे गृहीत धरले जाते. हस्तांतरणाला ते तयार नसतील, तर निदान कायमस्वरूपी वापराचा परवाना आणि सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुराची, प्रत मागा.

याहून महत्त्वाचे म्हणजे संकेतस्थळाचे नाव, सर्व्हरचे खाते आणि मुख्य पासवर्ड पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर हवेत. एका पुरवठादाराशी आमचे बिनसले तेव्हा करार आमच्या बाजूने होता; पण संकेतस्थळाचे नाव त्यांच्या खात्यात नोंदवलेले होते आणि ते परत मिळेपर्यंत चार महिने गेले. ग्राहकांची संपूर्ण यादी दरमहा, कोणत्याही संगणकावर उघडेल अशा साध्या स्वरूपात, तुमच्याकडे आली पाहिजे.

हिशेबनीस
‘पैसे अडवून ठेवू’ हा उपाय करणार असाल तर जपून. समोरची कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर अशा उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी सेवा स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज चढते आणि आयकरात त्या खर्चाची वजावटही प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत लांबते. सेवेबद्दल हरकत असेल तर ती 15 दिवसांच्या आत लेखी कळवा, नाहीतर सेवा स्वीकारली असेच धरले जाईल. फोनवरचे भांडण येथे उपयोगी पडत नाही.

सातपूरकर
सर्वांचे आभार. आज त्यांच्याशी बोलणे झाले. लवाद दोघांच्या संमतीने आणि पुण्यात, सोर्स कोडची प्रत दर तिमाहीला, हे त्यांनी मान्य केले. जबाबदारीची मर्यादा एका वर्षाच्या शुल्कापर्यंत वाढवली. मात्र ग्राहकांची माहिती फुटल्यास ही मर्यादा लागू नसावी, हे त्यांना कदापि मान्य नाही.

वकिली चष्मा
त्यांचा नकार समजण्यासारखा आहे, पण तुम्ही तो तसाच स्वीकारू नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती बाहेरच्या कंपनीने हाताळली तरी कायद्यापुढे उत्तरदायी तुम्हीच असता आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले असून मुख्य तरतुदींसाठी 18 महिन्यांची मुदत आहे. म्हणजे तुमच्या तीन वर्षांच्या करारातच त्या लागू होतील. शिवाय सायबर हल्ल्याची माहिती 6 तासांत सरकारी यंत्रणेला कळवण्याचा निर्देश 2022 पासूनच आहे. त्यामुळे घटना लक्षात येताच दोन तासांत तुम्हाला कळवण्याची सक्ती आणि तुमच्या लेखी परवानगीशिवाय उपकंत्राट न देण्याची अट करारात घाला.

अमर्याद जबाबदारी ते मानणार नसतील, तर माहिती फुटण्यासाठी वेगळी आणि मोठी मर्यादा ठरवा, उदाहरणार्थ तीन वर्षांचे एकूण शुल्क, आणि तेवढ्या रकमेची सायबर विमा पॉलिसी त्यांनी काढून तिची प्रत दरवर्षी द्यावी असे लिहा. विम्याचा हप्ता कोणी भरायचा यावर ते घासाघीस करतील. त्यातला काही भाग तुम्ही उचलला तरी चालेल.