घड्याळ की डोळा? काइल हॅमिल्टन आणि सेफ्टीची पारख

पर्पल पुणेकर:
ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधल्या बाल्टिमोर रेव्हन्सनी काइल हॅमिल्टनशी चार वर्षांचा १० कोटी ४ लाख डॉलरचा करार केला. तोवर कुठल्याच सेफ्टीला, म्हणजे बचावात सगळ्यात मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूला, एवढा पैसा मिळाला नव्हता. हाच पोरगा २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, चौदाव्या क्रमांकापर्यंत घरंगळला होता. मोठं कारण घड्याळ. नोटर डेम कॉलेजचा खेळाडू, ६ फूट ४ इंच उंच, २२० पौंड वजन. कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत, ४० यार्ड धावायला त्याला ४.५९ सेकंद लागले, कॉलेजमधल्या चाचणीला (प्रो डे) त्याहून जास्त. लगेच कुजबुज सुरू, की मागचं मोकळं मैदान याच्याच्याने राखवणार नाही.

अहो, सेफ्टी सरळ रेषेत चाळीस यार्ड कितीदा पळतो? त्याचं खरं काम क्वार्टरबॅकचे, म्हणजे पास फेकणाऱ्याचे, डोळे आणि खांदे वाचण्याचं. सप्टेंबर २०२१ मधला टॅलहॅसीचा फ्लोरिडा स्टेटविरुद्धचा सामना काढून बघा. पास पडणार एका साइडलाइनला, हा मैदानाच्या पार दुसऱ्या अंगाला. तरी जाऊन झेलतोच. ती फिल्म बघून ज्याला ४.५९ आठवतं, त्याने गोदामाचा हिशेब लिहावा, खेळाडू निवडू नयेत.

खडूस काका:
चौदावा म्हणजे घरंगळला? ड्राफ्ट ही गुणवत्ता यादी नाही, बाजार आहे. त्याच ड्राफ्टमधल्या एडन हचिन्सनला लायन्सनी वर्षाला साडेचार कोटी डॉलर दिले. स्टिंगली आणि गार्डनर हे कॉर्नर तीन कोटींच्या घरात. तुमचा विक्रमी हॅमिल्टन अडीचवर. क्वार्टरबॅकवर धावून जाणारा (हचिन्सन) आणि सर्वोत्तम रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, बांधून ठेवणारा (कॉर्नर), यांना भाव जास्त. सेफ्टी दुसऱ्या फेरीतही मिळतो. विनफिल्ड ज्युनियर २०२० मध्ये ४५ वा गेला, ब्रायन ब्रँच २०२३ मध्ये ४५ वा, जेसी बेट्स २०१८ मध्ये ५४ वा. २०२४ च्या पहिल्या फेरीत तर एकही सेफ्टी गेला नाही.

पर्पल पुणेकर:
ब्रँच कम्बाइनमध्ये ४.५८ धावला होता, काका. साक्षीदार माझाच उभा केलात.

उपासाची मिसळ:
मला या खेळातलं फारसं कळत नाही, मुलगा न्यू जर्सीत असतो म्हणून रविवारी बघते. पण हे वर्णन एकनाथ सोलकरसारखं वाटतंय. २७ कसोटींत ५३ झेल, आणि त्याला कुणी धावण्याची वेळ विचारली नव्हती.

खडूस काका:
मिसळताई, सोलकर बॅटपासून दोन हातांवर उभा असायचा. सेफ्टीच्या पाठीमागे कुणीच नसतं. तो चुकला की थेट टचडाउन, समोरच्यांना गुण. सप्टेंबर २०२२ मध्ये मायामीविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये ३५-१४ ने पुढे असलेले रेव्हन्स ४२-३८ ने हरले. मायामीचा रिसीव्हर टायरीक हिल दोनदा त्यांच्या मागे निघून गेला. हॅमिल्टन तेव्हा नवखा होता, कबूल. पण तिथे डोळा कामाला आला नाही, वेग हवा होता.

मिनेसोटात गोठलेला:
तुम्ही मजेत भांडा. २०२२ ला बाराव्या क्रमांकाची निवड आमच्या व्हायकिंग्जची होती. हॅमिल्टन समोर होता. व्हायकिंग्जनी तो बारावा क्रमांक, वर ४६ वा, लायन्सना देऊन ३२, ३४ आणि ६६ घेतले. लायन्स म्हणजे आमच्याच गटातले! त्यांनी रिसीव्हर जेमसन विल्यम्सला घेतलं. आणि ३२ वर आम्ही घेतला तो सेफ्टीच, जॉर्जियाचा लुइस सीन, ४.३७ वाला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला सोडून दिलं.

तिसरी घंटा:
अर्धी गोष्ट सांगू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनला सेंट्सविरुद्ध सीनचा पाय मोडला. त्यात घड्याळाचा काय दोष?

मिनेसोटात गोठलेला:
दोष नाहीच, वाईटच वाटलं. पण मोडला तेव्हा तो पंटवर, म्हणजे लाथेने चेंडू उडवतात त्या खेळीत, खेळत होता. बचावाच्या पहिल्या अकरात त्याला जागा मिळालेली नव्हती. तिथे होता कॅम बायनम, चौथ्या फेरीतला.

तिसरी घंटा:
माझा मुद्दा वेगळाच आहे. सेफ्टी एकटा पारखताच येत नाही, तो कुठल्या प्रशिक्षकाकडे जातोय तेही बघावं लागतं. सेफ्टी जमाल अॅडम्स २०१७ मध्ये जेट्सकडे सहावा गेला. २०२० मध्ये सीहॉक्सनी त्याच्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजल्या, त्या वर्षी त्याने साडेनऊ सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडलं. नंतरच्या तीन हंगामांत एकही नाही, आणि दुखापती वेगळ्याच. हॅमिल्टनला रेव्हन्सचा बचाव-प्रशिक्षक माइक मॅकडोनल्ड भेटला. त्याने याला कधी स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या रिसीव्हरसमोर, कधी पुढच्या रेषेजवळ लावला. २०२३ मध्ये कोल्ट्सविरुद्ध एका सामन्यात तीन सॅक झाले ते त्यामुळे. जेट्सनी चौथा म्हणून घेतला असता तर?

पर्पल पुणेकर:
मॅकडोनल्ड २०२४ ला सिअॅटलला गेला की. त्याच हंगामात पासविरुद्ध रेव्हन्सचे हाल चालले होते. मग हॅमिल्टनला मागे, खोलवर नेला आणि बचाव सावरला. ज्या मोकळ्या मैदानाला तो पुरणार नाही म्हणत होते, तेच!

आणि काका, बाजाराचंच बोलू. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्यावर जायंट्सनी इव्हान नील घेतला. ऑफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे तुमच्या हिशेबात महाग जागा. त्याच्या करारातलं ऐच्छिक पाचवं वर्षसुद्धा त्यांनी उचललं नाही.

खडूस काका:
म्हणजे नीलची पारख चुकली. त्याने सेफ्टीचा भाव कसा वाढतो?

पर्पल पुणेकर:
भाव राहू द्या. नवा सेफ्टी बघताना मी पहिली दोन पावलं बघतो. चेंडू सुटायच्या आधी पडली की नंतर, आणि बरोबर दिशेला की नाही. हे स्टॉपवॉचवर येत नाही.

खडूस काका:
आणि ती चुकीच्या दिशेला पडली, की परत यायला स्टॉपवॉचच लागतं.

मिनेसोटात गोठलेला:
आमच्या त्या ३४ व्या क्रमांकाचं काय झालं, कुणी विचारलंच नाही. तोही विकला. पॅकर्सना. तेही आमच्याच गटातले. त्यांनी रिसीव्हर ख्रिश्चन वॉटसन घेतला. झोपतो आता.