विश्वासघात करायचा आणि वर देवाचं नाव घ्यायचं? (१ शमुवेल २३)

प्रश्न
सध्या बायबलमधलं १ शमुवेल वाचतोय. दाविदाच्या जिवावर उठलेला इस्राएलाचा राजा शौल नोब गावचे ८५ याजक मारायला लावतो, परमेश्वराचेच याजक, आणि पुढच्याच अध्यायात दावीद कईला गावात शिरल्याचं कळल्यावर हाच माणूस म्हणतो की देवाने त्याला माझ्या हाती दिलं. मग जीफी लोक दावीद कुठे लपलाय ते सांगायला येतात, जीफ तर यहूदातलंच, म्हणजे दाविदाच्याच यहूदा वंशातली माणसं, आणि शौल त्यांना परमेश्वराच्या नावाने आशीर्वाद देतो, का तर माझ्यावर दया केलीत! चुगली म्हणजे दया?? लेखकाला खटकत नाही का हे, एक शब्द टीका नाही.

एक वाचक
टीका आहे हो, फक्त तो बोलून दाखवत नाही. कईलाचंच बघा ना, शौल देवाचं नाव घेतो पण देवाला विचारत काहीच नाही, दावीद मात्र एफोद (देवाचा कौल घ्यायचं याजकाचं वस्त्र) मागवून विचारतो की कईलाचे लोक मला धरून देतील का, तर उत्तर येतं, देतील. ज्यांना नुकतंच पलिष्टी शत्रूंपासून वाचवलं तेच! २ शमुवेल ४ पण वाचा. रेखाब आणि बाना, शौलानंतर राजा झालेल्या त्याच्या मुलाचे, ईशबोशेथचेच सरदार, भर दुपारी झोपलेल्या राजाला मारतात, मुंडकं घेऊन रात्रभर चालत हेब्रोनला येतात आणि दाविदाला सांगतात की परमेश्वराने तुमचा सूड घेतला. बक्षीस मिळेल असं वाटलं असणार. दाविदाने दोघांना ठार मारून तळ्याकाठी टांगलं.

दुसरा वाचक
आणि ईशबोशेथ गेल्याचा फायदा कुणाला झाला? पुढच्याच अध्यायात दावीद सगळ्या इस्राएलाचा राजा 😀 मला तरी हा सगळा मजकूर त्याच्या बाजूच्या लोकांनी लिहिलेला वाटतो. शिवाय उत्पत्तीतल्या याकोबाचं काय, थोरला भाऊ एसाव असल्याचं भासवून आशीर्वाद घ्यायला जातो, नजर गेलेला बाप विचारतो शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, तर म्हणे तुमच्या देवाने समोर आणून दिली. नंतर सासऱ्याने, लाबानाने त्यालाही फसवलं ते ठीक, पण आशीर्वाद काही एसावाला परत मिळाला नाही.

तिसरी वाचक
दाविदाचा मुलगा अबशालोम राहिला की! गशूरला असताना नवस बोललो होतो, तो फेडायला हेब्रोनला जातो म्हणून बापाची परवानगी काढली आणि तिथे जाऊन बंड. सोबत गेलेल्या २०० माणसांना पत्ताच नव्हता. पण सगळ्यात थंड डोक्याचं काम ईजबेल राणीचं, नवऱ्याला, अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा म्हणून आधी उपास जाहीर, मग दोन खोटे साक्षीदार, देवाची निंदा केल्याचा आरोप, दगडमार. आणि तिथे संदेष्टा एलीया अहाबाला तोंडावर सुनावतो, म्हणजे उघड टीका पण आहेच.

मूळ प्रश्नकर्ता
ओके, नाबोथ वाचतो आता. पण जीफ्यांना शिक्षा?

एक वाचक
कसली शिक्षा, २६व्या अध्यायात परत शौलाकडे हजर, तीच चुगली घेऊन.