ब्रेक मारल्यावर बस १० सेकंदांत किती जाईल? माझं उत्तर २५, पुस्तकात ४५

साखळीची_अकरावी:
नमस्कार सगळ्यांना. मी अकरावी सायन्सला आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्लिश, पण गणित सोडवताना डोक्यात मराठीच चालतं म्हणून इथे विचारते. बस ताशी ५४ किमी वेगाने जातेय, ड्रायव्हर ब्रेक मारतो, रिटार्डेशन (वेग कमी होण्याचा दर) २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, तर ब्रेक मारल्यापासून १० सेकंदांत बस किती अंतर जाईल? मी ५४ ला ५/१८ ने गुणून सेकंदाला १५ मीटर केले, ए (वेग बदलण्याचा दर) उणे २.५ घेतला, एस = यूटी + अर्धा एटी वर्ग मध्ये घातलं (एस अंतर, यू सुरुवातीचा वेग, टी वेळ), १५० वजा १२५, आले २५. मागे उत्तर ४५ दिलंय. तीनदा केलं तरी २५च. मैत्रीण म्हणते छपाईची चूक असेल. सोमवारी युनिट टेस्ट आहे आणि खरं सांगायचं तर कुठला फॉर्म्युला कधी लावायचा हेच मला कळत नाही, आकडे दिसले की जो आठवेल तो लावते.

फोंड्याचे_सर:
पुस्तक बरोबर आहे बाय, आणि तुझी आकडेमोडही बरोबर आहे. आधी एवढंच काढ की बस थांबते कधी. व्ही, म्हणजे शेवटचा वेग, शून्य, यू १५, ए उणे २.५, म्हणजे १५ भागिले २.५, सहा सेकंद. सहाव्या सेकंदाला बस उभी राहिली आणि पुढचे चार सेकंद ती तिथेच उभी आहे, माणसं उतरतायत. पण तू टी मध्ये १० घातलेस आणि ए तोच ठेवलास, मग समीकरणाने काय केलं, बस थांबल्यावर तिला तशीच मागे पळवली. चार सेकंदांत मागे किती? अर्धा गुणिले २.५ गुणिले १६, म्हणजे २० मीटर. पुढे ४५, मागे २०, राहिले २५. तुझं उत्तर असं आलं. ब्रेकने बस थांबते, उलटी जात नाही, म्हणून सहा सेकंदांनंतर ए उणे २.५ राहतच नाही, शून्य होतो. ही समीकरणं ए बदलत नाही तोवरच चालतात, ए जिथे बदलला तिथे गणिताचे दोन तुकडे करायचे आणि पहिल्या तुकड्याचा शेवटचा वेग हा दुसऱ्याचा यू.

मी वर्गात आधी ग्राफ काढायला लावतो, मुलं कंटाळतात पण मी सोडत नाही. आडवा टाइम, उभा वेग, १५ पासून सरळ रेघ खाली येते आणि ६ वर टेकते. खाली त्रिकोण झाला, त्याचं क्षेत्रफळ अर्धा गुणिले ६ गुणिले १५, ४५. फॉर्म्युला लागलाच नाही.

आणि कुठला फॉर्म्युला कधी, तर पाच गोष्टी लिहून काढ, यू, व्ही, ए, एस, टी. तीन दिलेल्या असतात, एक विचारलेली असते, जी उरते ती ज्या समीकरणात नाही ते घ्यायचं. टी नको असेल तर व्ही वर्ग = यू वर्ग + २एएस. ‘थांबली’ म्हणजे व्ही शून्य, ‘सुटली’ म्हणजे यू शून्य, हे आकडे शब्दांत लपलेले असतात.

साखळीची_अकरावी:
थँक्यू सर!! बस मागे जाते हे वाचून एकदम लख्ख झालं. अजून एक विचारू? १५ मीटर उंच गच्चीवरून दगड सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला, जमिनीवर कधी पडेल. माझे टी दोन येतात, ३ आणि उणे १. उणे टाइम कसा असेल?

मडगाव_बीएस्सी:
वर धन घेतलंस ना, मग ए उणे १० (जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा ए, खाली असतो) आणि एस उणे १५, कारण दगड शेवटी गच्चीच्या खाली जातो. एकदा दिशा ठरवली की शेवटपर्यंत तीच, मी अकरावीत वर जाताना वेगळं आणि खाली येताना वेगळं चिन्ह घ्यायचो आणि मार्क घालवायचो. उत्तर ३ सेकंद. उणे १ ची गंमत अशी की गच्ची नाहीच असं समज, दगड जमिनीवरून २० च्या वेगाने वर फेकला तर बरोबर एका सेकंदाने तो १५ मीटरवर असेल आणि वेग १० असेल. म्हणजे तुझाच दगड, फक्त एक सेकंद आधी सुटलेला. तुझ्या गणितात हात टी शून्यला सुटला म्हणून ते उत्तर सोडायचं. जी १० घेतात ते सोपं जावं म्हणून, आपल्याकडे गोव्यात ते साधारण ९.७८ भरतं, विषुववृत्ताकडे थोडं कमी, ध्रुवांकडे जास्त.

म्हापशाचा_पायलट:
सायन्स मला नाही पण बाईकवरून भाडी मारतो, ब्रेकचं रोजचं आहे म्हणून लिहितो. मुलाने मला ते व्ही वर्गवालं समजावलं, ब्रेक ५ ने धरला, म्हणजे रिटार्डेशन ५, तर ताशी ३० ला सात मीटर लागतात आणि ६० ला चौदा नाही, अठ्ठावीस. स्पीड डबल तर अंतर चौपट. पावसात रस्ता भिजला की ब्रेक कधी कधी अर्धाच धरतो, मग ते अंतर आणखी दुप्पट धरा. आणि तुमच्या गणितात ब्रेक लगेच लागतो, माणसाला दिसून हात दाबेपर्यंत एक सेकंद जातोच.

फोंड्याचे_सर:
दादांनी बरोबर धरलं. बाय, हेच कर आता, त्याच बसला ब्रेक लागायच्या आधीचा एक सेकंद जोड आणि किती मीटरवर थांबते सांग.

साखळीची_अकरावी:
दोन तुकडे केले सर. पहिल्या सेकंदाला ए शून्य, म्हणून १५ गुणिले १, १५ मीटर. मग ब्रेकचे ४५. एकूण ६०. ग्राफमध्ये आधी चौकोन आणि त्याला चिकटून त्रिकोण आला. बरोबर?

फोंड्याचे_सर:
बरोबर. टेस्टमध्ये पण ग्राफ काढ.