विषय : अपघात झालेल्या जुन्या गाडीची वाजवी किंमत

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

माझे वडील फोंड्याला एकटे राहतात आणि त्यांना जवळपास फिरण्यापुरती लहान गाडी हवी आहे. ओळखीच्या एका गृहस्थांची २०१९ सालची पेट्रोल हॅचबॅक विकायची आहे. मात्र पावसात घसरून ती समोरून आदळली असून बंपर, बॉनेट, डावा दिवा आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांना मार बसला आहे. तशाच सुस्थितीतल्या गाडीला त्यांना ४ लाख ६० हजारांपर्यंत भाव दिसतो, गॅरेजचा अंदाज ८५ हजारांचा आहे, म्हणून ते ३ लाख ७५ हजार मागतात. गाडी दुरुस्त करूनच ताब्यात देण्याचीही त्यांची तयारी आहे. ही किंमत रास्त आहे का?

आपला, मस्कत

---

सप्रेम नमस्कार,

प्रथम कळकळीची विनंती अशी की, दुरुस्ती त्यांना करू देऊ नका. उघडा मार डोळ्यांनी दिसतो आणि त्याचा हिशेब मांडता येतो. एकदा पुट्टी आणि रंग चढला की आत काय वाकले होते हे मेस्त्रीशिवाय कुणालाच कळत नाही, आणि तो मेस्त्री विकणाऱ्याचा असतो.

आपण सांगितलेले चारही भाग बोल्टवर बसणारे आहेत. ते बदलले की प्रश्न मिटतो. खरी किंमत ठरते ती त्यांच्या मागे जे वेल्डिंगने जोडलेले असते त्यावर, म्हणजे एप्रन (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा), चॅसीचे म्हणजे सांगाड्याचे पुढचे दांडे आणि पिलर (छताला आधार देणारे खांब) यांवर. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन एकमेकांशी ताडून पाहा, पत्र्याला सुरकुती आहे का ते बघा, दरवाजा आणि फेंडर यांमधील फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते तपासा आणि शक्य असल्यास व्हील अलाइनमेंट करून तिचा छापील अहवाल घ्या. दांडा किंवा पिलर वाकला असेल, तर कितीही कमी भावात ही गाडी वडिलांसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एअरबॅग उघडल्या होत्या का, हेही विचारा. त्या उघडल्या असतील तर बॅगांबरोबर सीटबेल्टचे प्रिटेन्शनर (धडकेच्या वेळी पट्टा ताणणारे भाग) आणि एअरबॅगचे नियंत्रण मॉड्यूल यांचाही खर्च येतो आणि ८५ हजारांचा अंदाज अपुरा ठरतो.

सांगाडा शाबूत निघाला, तरी मालकांची वजाबाकी अर्धीच आहे. चांगल्या गाडीच्या भावातून दुरुस्ती वजा केली की उरते ती रास्त किंमत, असे ते धरून चालले आहेत. पण तसे असेल तर दुरुस्तीची धावपळ, उघडल्यावर निघणारे छुपे नुकसान आणि पुढे विकताना अपघाताची गाडी म्हणून पडणारा भाव हे सारे आपण फुकट अंगावर घेतो. मी छुप्या नुकसानीसाठी २० हजार आणि पडणाऱ्या भावापोटी दहा टक्के, म्हणजे ४६ हजार, आणखी वजा करीन. त्यामुळे आकडा ३ लाख ९ हजारांवर येतो. दहा टक्के हा काही नियम नव्हे, माझा अंदाज आहे. पण तीन लाखांपासून बोलणी सुरू करण्यास तो पुरेसा आधार आहे.

विम्याची जुनी पॉलिसीही मागून घ्या. मालक पहिलेच असतील आणि त्यांनी कधी दावा केला नसेल, तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) वर्षागणिक वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला दिसेल. तो मध्येच शून्यावर आला असेल, तर त्याचे कारण विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आपला, मडगाव

---

सप्रेम नमस्कार,

वरील हिशेब मला पटतो. त्यात पाण्याची बाजू जोडतो. जुलै २०२१च्या पुरात आमच्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत पाणी शिरले होते, आणि बुडालेली गाडी धुऊन पुसून अगदी नवी दिसू शकते. म्हणून पायाखालचा गालिचा उचलून खालचा गाळ पाहा, सीटच्या रुळांवर गंज आहे का आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का ते बघा. गाडी किनाऱ्यालगत उभी राहत असेल, तर खाऱ्या हवेने खालचा पत्रा आणि सायलेन्सर लवकर गंजतात. त्यासाठी ती रॅम्पवर चढवून खालून पाहणे अगत्याचे आहे.

भाव ठरला तरी आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा नाही याची परिवहन संकेतस्थळावर खात्री होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्याव्यात आणि नोंदणी वडिलांच्या नावावर करण्यासाठीचा अर्ज ३० दिवसांच्या आत आरटीओत द्यावा. वडिलांना एकट्याने हे जमणार नसेल तर कळवा, मी फोंड्याला जाऊन त्यांच्याबरोबर गाडी पाहीन.

आपला, डिचोली