१९२६ चा ब्रिटिश सार्वत्रिक संप: नेत्यांनी घात केला की मजुरांनाच क्रांती नको होती?

सुहास_डोंबिवली
ब्रिटिश कामगार चळवळीवर डाव्यांनी लिहिलेलं काहीही वाचा, १९२६ आलं की ठरलेलं वाक्य येतंच, नेत्यांनी घात केला. मी स्वतः मार्क्सवादी आहे पण मला हे आता पटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९२५ ला चर्चिलने पौंड परत युद्धाआधीच्या भावाने सोन्याला बांधला, त्यामुळे ब्रिटिश कोळसा बाहेर महाग झाला, आणि खाणमालकांनी तो तोटा मजुरांकडून वसूल करायचं ठरवलं, म्हणजे पगार कमी, तास जास्त. मजूर म्हणाले, पगारातली एक पेनी जाणार नाही आणि दिवसाला एक मिनिट वाढणार नाही. १ मे १९२६ पासून खाणींना टाळेबंदी, ३ मेच्या मध्यरात्रीपासून त्यांच्या पाठिंब्यासाठी रेल्वे, बस, गोदी, छापखाने बंद, आणि १२ मेला टीयूसीने, म्हणजे युनियनांच्या शिखर संघटनेने, हातात काहीही न पडता संप मागे घेतला. खाणकामगार एकटे नोव्हेंबरपर्यंत झुंजले आणि उपासमारीने हरले.

माझं म्हणणं असं की हे नेते आकाशातून पडले नव्हते, त्याच मजुरांनी वर्षानुवर्षं निवडून दिलेले होते. मागे जाऊन १८३८ ची चार्टिस्टांची, म्हणजे मताधिकार मागणाऱ्या कामगार चळवळीची, सनद बघा, सहाच्या सहा मागण्या मतदान आणि संसदेबद्दलच्या. १८५८ मध्ये खुद्द एंगल्स मार्क्सला पत्रात लिहितो की इंग्लिश कामगारवर्ग दिवसेंदिवस बूर्झ्वा, म्हणजे भांडवलदारी वळणाचा, होत चाललाय. ज्या वर्गाला त्या राज्यव्यवस्थेतच जागा हवी होती त्याला नेत्यांनी फसवलं असं कसं म्हणायचं?

खाणीतला_दिवा
पूर्ण असहमत. तुम्ही १२ मेवर थांबलात, १३ मेला काय झालं ते का नाही लिहिलं? संप मागे घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी संपावरची माणसं कमी नाही झाली, वाढली! मालक लोकांना कमी पगारावर परत घ्यायला बघत होते आणि माणसं कामावर जायला तयार नव्हती. क्रांती नको असलेली माणसं असं वागतात?

आणि तयारीचं काय? ३१ जुलै १९२५ ला सरकारने माघार घेऊन खाणमजुरांचे पगार टिकवायला नऊ महिन्यांचं अनुदान दिलं. त्या नऊ महिन्यांत सरकारने मालवाहतुकीसाठी स्वयंसेवकांची फौज उभी केली, बारा कम्युनिस्ट पुढारी तुरुंगात टाकले. टीयूसीने काय केलं, तर जवळजवळ काहीच नाही. रेल्वे युनियनचा थॉमस तर संसदेत उभं राहून म्हणाला की घटनेलाच आव्हान असेल तर सरकार जिंकायला हवं. सेनापतीच असं बोलत असेल तर सैनिकांना कसला दोष देताय.

अनघा_प
दोघंही लंडनच्या आत अडकलायत, साम्राज्य कुठे आहे? लेनिनचा मुद्दाच हा होता की वसाहतींच्या नफ्यातला तुकडा वरच्या थरातल्या कुशल कामगारांना मिळतो आणि तो थर पक्ष आणि युनियन दोन्ही ताब्यात ठेवतो.

माझे पणजोबा १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात होते म्हणून हे माझ्यासाठी पुस्तकी नाही. त्या काळात बेन ब्रॅडली नावाचा इंग्लिश कामगार इथे येऊन गिरणी कामगार युनियनचं काम करत होता. मार्च १९२९ ला त्याला डांगे, मिरजकर, निंबकर या इथल्या पुढाऱ्यांबरोबर मीरत खटल्यात, म्हणजे कम्युनिस्ट आणि युनियनवाल्यांवरच्या कटाच्या खटल्यात, पकडलं. अटक हुजूर पक्षाच्या सरकारने केली, मान्य. पण जूनमध्ये मॅकडोनाल्डचं मजूर पक्षाचं सरकार आलं, दोन वर्षं टिकलं, आणि त्याने खटला मागे घेतला नाही. कामगारांच्या मतांवर आलेलं सरकार मुंबईच्या कामगारांना तुरुंगात ठेवतं, याचं उत्तर "नेते वाईट होते" एवढंच असेल तर आपण काहीच शिकलो नाही.

खाणीतला_दिवा
अनघाताई, मीरतबद्दल एक शब्दही खोडणार नाही. पण तो तुकडा खाणकामगारांना कधी मिळाला? आणि १८८९ चा लंडनचा गोदी संप तर रोज सकाळी फाटकावर हातघाई करून काम मिळवणाऱ्या माणसांचा होता, तासाला सहा पेन्ससाठी. कापड गिरण्यांच्या लँकेशायरचंही बघा, अमेरिकेतल्या युद्धामुळे कापूस बंद, घरात अन्न नाही, तरी १८६२ च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या सभेने गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं. सगळा वर्ग साम्राज्याने विकत घेतला होता असं म्हणणं या लोकांवर अन्याय आहे.

अनघा_प
सगळा वर्ग असं मी कुठे म्हटलं, वरचा थर म्हटलं. मुंबईत जन्मलेला सकलातवाला, टाटांचा भाचा, कम्युनिस्ट खासदार, त्याला लंडनमधल्या बॅटर्सीच्या मजुरांनीच निवडून दिलं ना? मे दिनाच्या भाषणात त्याने सैनिकांना कामगारांवर गोळ्या झाडू नका म्हटलं म्हणून संप चालू असतानाच दोन महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे खालून दुसरी वाट होती.

सुहास_डोंबिवली
१३ मेचा मुद्दा मी टाळायला नको होता, तो मान्य. पण मग हे सांगा, इतकी माणसं रस्त्यावर असताना कम्युनिस्ट पक्षाचे सभासद सहा हजारांच्या आसपासच का होते? आणि त्या पक्षाची घोषणा काय, तर सर्व सत्ता जनरल कौन्सिलला, म्हणजे टीयूसीच्या नेतृत्व मंडळाला, ज्यांनी घात केला म्हणता त्यांच्याच हातात! मॉस्कोला तेव्हा टीयूसीशी केलेली संयुक्त समिती सांभाळायची होती, ट्रॉट्स्कीने यावरच झोड उठवली. खाणीतला_दिवा, तुमच्या पक्षाने त्या नऊ दिवसांत वेगळं काय करायला हवं होतं ते आधी लिहा, मग थॉमसबद्दल बोलू.