पाच वर्षांच्या मुलीला पहिला प्राणी कोणता?

ताई, मुलीला पहिला प्राणी कोणता घ्यावा असं तुम्ही विचारलंत, त्यावर कोणीतरी पोपट सुचवलाय, तो सोडूनच द्या. आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, स्टार कासवाचंही तेच. आणि ती लाल कानाची छोटी विदेशी कासवं दुकानात गोड दिसतात, पण त्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे (जुलाब-ताप आणणारे) जंतू असू शकतात अन लहान पोरं हात तोंडात घालतात. अमेरिकेत तर चार इंचांपेक्षा छोटी कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती यामुळेच.

हस्की, म्हणजे तो थंड प्रदेशातला कुत्रा, तर नागपुरात नकोच जी, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कूलरसमोर जाडजूड केसांचं ते जनावर धापा टाकत पडलेलं बघवत नाही. कुत्राच हवा असेल तर देशी पिल्लू दत्तक घ्या, आपलं ऊन त्याला बरंच झेपतं, लसींसाठी सेमिनरी हिल्सवर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. पण शी-शू, फिरवणं सगळं तुमच्याच गळ्यात येणार हे धरून चाला, पाच वर्षांचं लेकरू फार तर भांड्यात पाणी भरेल.

मला विचाराल तर मासे घ्या. फक्त गोल बाउल नको, कारण पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो अन छोट्या बाउलचं पाणी लवकर तापतं, त्यामुळे मोठा टँक, खिडकीपासून लांब, एअर पंप लावून. मासे आणायच्या आधी काही आठवडे फिल्टर चालवून टँक तयार करा. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन काढूनच टाका. मुलीला चिमूटभर खाणं टाकायचं काम द्या, डबा मात्र वर ठेवा, नाहीतर ती प्रेमाने अख्खा रिकामा करेल.