शब्दचर्चा: ‘थ्रिफ्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

राजारामपुरीची
मंडळी, मी आणि मैत्रीण मिळून कोल्हापुरात वापरलेल्या कपड्यांचं छोटं दुकान टाकतोय. निवडून घेतलेले, धुऊन इस्त्री केलेले कपडे. कॉलेजच्या पोरींना ‘थ्रिफ्ट’ म्हटलं की कळतं, पण शेजारच्या काकींनी विचारलं, “कसली लिफ्ट गं?” पाटीसाठी मराठी शब्द हवाय. ‘जुने कपडे’ लिहिलं तर लोक द्यायला येतील, घ्यायला नाही. दुसरं म्हणजे, ‘पर्सनल स्टाइल’ला काय म्हणता?

शब्दवेडा
ताई, द्यायला येतील, घ्यायला नाही, इथंच सगळी गोम आहे. जुन्या कपड्यांबाबत मराठीत देणाऱ्याच्या आणि घरात जिरवणाऱ्याच्या बाजूचे शब्द ढिगानं आहेत. थोरलीचे ‘उतरलेले’ धाकटीला. नेसून नेसून मऊ पडलेलं लुगडं म्हणजे जुनेर. मध्ये विरलं तर तेवढा भाग काढून दोन्ही टोकं जोडायची, त्याला ‘दंड घालणं’ म्हणतात. त्यानंतर त्याची बाळोती, नाहीतर वाकळ (पुण्याकडं गोधडी). अगदीच गेलं की फडकं आणि शेवटी चिंधी. दारावर भांडीवाली आली, म्हणजे तिकडची बोहारीण, की चार साड्या तिच्यापुढं टाकायच्या आणि एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस करायची.

इथवर शब्दच शब्द. पण भांडीवालीनं नेलेली साडी पुढं कोणीतरी पैसे मोजून घेतंच की! त्या घेण्याला मला तरी एक शब्द सापडत नाही. माझा अंदाज असा, की हे शब्द ज्या घरांतून आपल्या लिहिण्यात आले, ती घरं त्या व्यवहारात देण्याच्या बाजूला होती. घेणारा ‘बाजारातनं आणली’ म्हणून गप्प बसायचा.

बाहेर बघा, ढीग उपसणाऱ्यांनीच नावं ठेवलीत. झांबियात ‘सलाउला’, म्हणजे ढिगात हात घालून निवडणं. फिलिपीन्समध्ये ‘उकाय-उकाय’, तेही उकरण्यावरूनच. पूर्व आफ्रिकेत ‘मितुंबा’, म्हणजे गाठोडी, कारण माल गाठी बांधूनच येतो. घानात तर ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात: मेलेल्या गोऱ्याचे कपडे. इतके धड कपडे जिवंत माणूस कशाला टाकील, असा त्यामागचा हिशेब.

इचलकरंजीकर
काहीही लिहा, फक्त ‘सेकंड’ लिहू नका. आमच्याकडं कापडाच्या धंद्यात सेकंड म्हणजे वापरलेलं नव्हे. कापड कोरंच असतं, पण विणताना धागा तुटला, डाग पडला, की ते ‘फ्रेश’मधून ‘सेकंड’मध्ये जातं. तुकडे पडले की फेंट, त्याच्याखाली चिंधी. आमच्या गावचं गिऱ्हाईक पाटी वाचून आलं तर ‘मिलचा सेकंड माल कुठाय?’ म्हणून विचारील.

आणि गांधीनगर इतकं जवळ असताना, जिथं नवाच माल होलसेलनं मिळतो, तिथं वापरलेला कोण घेणार, हा प्रश्न शब्दापेक्षा मोठा आहे बघा.

राजारामपुरीची
दादा, गांधीनगरात एकासारखे पन्नास मिळतात. आमच्याकडं एकच असतो. पोरी त्यासाठीच येतात.

निवृत्त_कारकून
‘थ्रिफ्ट’ कोल्हापूरला नवा नाही. पगारदारांच्या कितीतरी पतसंस्थांच्या इंग्रजी नावात ‘थ्रिफ्ट अँड क्रेडिट’ असतं. आम्हाला थ्रिफ्ट म्हणजे दरमहा पगारातून परस्पर कापून जाणारी रक्कम. शब्दाचं मूळ भरभराटीत आहे, तिथून तो काटकसरीवर आला. इंग्रजीत ‘थ्रिफ्ट शॉप’ बहुधा धर्मादाय संस्थेचं असतं: दानात आलेले कपडे विकायचे आणि तो पैसा संस्थेच्या कामाला लावायचा. तुमचं दुकान त्यात बसत नाही, पण आता कोण एवढं बघतंय! नातीच्या ‘थ्रिफ्ट’नं आमच्या घरातलं दुसरं कपाटही भरलं. यात काटकसर कुठली, ते मला कोणीतरी समजवा.

गंगावेस_टेलर
शब्दातलं मला कळत नाही, कपड्यातलं सांगतो. जुना शर्ट घेताना आधी खांदा बघा. खांदा बसला तर बाकीचं टेलर बघून घेतो. खांदा उतरवायचा म्हणजे बाही काढून परत लावायची, त्यात शर्टाच्या किमतीएवढी मजुरी जाते. मग कपडा उलटा करा आणि माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड, बघा. पूर्वीच्या शिवलेल्या कपड्यात शिलाईच्या आत बोटभर माया सोडलेली असायची, तो कपडा सैल करता येतो. हल्लीच्या रेडीमेडला ओव्हरलॉक मारून कडेनं कापड छाटलेलं असतं. तो आवळता येतो, सोडता येत नाही. म्हणून मापापेक्षा मोठा घ्या, लहान कधीच नको. काखेतला पिवळा डाग आणि कॉलरीची घडी उजेडात बघा. काखेत कापड विरलं असेल तर रफूही टिकत नाही.

शब्दवेडा
काका, ‘माया’ हा शब्द इथं आणल्याबद्दल तुमचे पाय धरले पाहिजेत.

गंगावेस_टेलर
पाय कशाला, कापड आणा.

गडहिंग्लजची_वैनी
कोणाचं अंगचं घालायचं म्हणजे आमच्या सासूबाई नाक मुरडतात. पण तान्ह्या बाळाला त्याच मुद्दाम दुसऱ्या बाळाचं वापरलेलं, मऊ झालेलं अंगडं मागून आणून घालतात! तिथं कमीपणा नाही. दिवाळीच्या सुमाराला सीपीआर चौकात ‘माणुसकीची भिंत’ असते, तिथं चांगले कपडे नेऊन देताना त्यांना आनंदच होतो. अशा भिंतीची कल्पना इराणमधल्या मशहदची, 2015 ची. द्यायला मान, घ्यायला लाज. शब्दवेडा भाऊ म्हणतात ते पटलं.

‘स्टाइल’चं म्हणाल तर कोल्हापुरात जपून वापरा. ‘स्टाइल मारतोय’ हा टोमणा आहे. रुबाब, ऐट, थाट हे सगळे दुसऱ्यावर छाप पाडायचे शब्द. तुम्हाला हवाय तो ‘ढब’. “तिची नेसायची ढबच वेगळी,” असं म्हणताना साडी कितीची, हे कोणी विचारत नाही. आमच्या एक बाई साध्या सुती साड्याच नेसायच्या, पण पदर असा घ्यायच्या की पाठमोऱ्याही ओळखू यायच्या. ढब दुकानात मिळत नाही, घालून घालून येते.

पेठेतला_भावा
वापरलेल्या मालाला इंग्रजीत गोड नाव आहे, ‘प्रीलव्ह्ड’. त्याचं ‘पूर्वप्रिय’ करा की! नाद खुळा पाटी होईल.

शब्दवेडा
मर्दा, पाटी वाचून लोक जुन्या प्रेयसीची चौकशी करायला येतील. माझं मत: ‘निवडीचे कपडे’. वापरलेले आहेत हे मात्र खाली स्पष्ट लिहा, लपवू नका. झांबियावाल्यांसारखं नाव निवडणाऱ्याच्या हाताला जोडलेलं बरं.

राजारामपुरीची
ठरलं. वर ‘निवडीचे कपडे’, खाली बारीक अक्षरात ‘थ्रिफ्ट: वापरलेले, धुतलेले, एकेकच नग’. त्याच्याखाली ‘जुने कपडे घेतले जात नाहीत’. थ्रिफ्टमधली थ्रि ऱ्हस्व की दीर्घ?

निवृत्त_कारकून
पुढं जोडाक्षर आहे, ऱ्हस्वच. आणि ती शेवटची ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत दुकानाचं शटर उघडता येणार नाही.